रोक्कालुचे, जिन्याने

अजमानमधल्या त्या बारा मजली इमारतीच्या तळमजल्यावर, शनिवारी भर दुपारी, कॅमिला लोपीस लिफ्टकडे पाठ करून उभी होती. अंगावर मरियामातेच्या सणाला नेसायची निळी रेशमी साडी, डोक्याला स्कार्फ आणि पायात लेकीचे धावायचे बूट. वय सत्तर. तिच्या दोन्ही गुडघ्यांबद्दल वसईच्या डॉक्टरांनी एकच वाक्य सांगितलं होतं, "बाई, जिने विसरा." आणि ही बाई आज जिन्यानेच वर जाणार होती.

"मम्मी, अजून विचार कर," तिची लेक जीन म्हणाली. "लिफ्ट आहे, एसी आहे. कुणी बघत नाही तुला."

"ज्याने बघायचं तो बघतोय. लिफ्टने नवस फिटत असते तर लोक वेलंकणीला पायी कशाला गेले असते?"

"तुझ्या आईला मी त्रेचाळीस वर्षं समजावतोय," कॅमिलाचा नवरा लॅन्सी म्हणाला. वॉचमनची खुर्ची त्याने केव्हाच बळकावली होती. "तुझं काय ती आज ऐकणार आहे?"

आता हा नवस म्हणजे काय भानगड होती, ते सांगायला हवं.

जीन दोन वर्षांची असताना तिचा ताप डोक्यात गेला होता. पोर फिकट पडली, डोळे फिरवायला लागली, आणि वसईतल्या त्यांच्या गावात औषधपाण्याची सोय म्हणजे सिस्टरांचा एक दवाखाना. तिथे सिस्टर ओर्सोला होती. इटलीची, पन्नाशीची, हाताने जड आणि तोंडाने त्याहून जड. पण तीन दिवस ती त्या पोरीच्या खाटेजवळून हलली नाही. थंड पाण्याच्या पट्ट्या बदलायची, इंजेक्शन द्यायची, आणि समोर बसलेली कॅमिला कोसळू नये म्हणून आपल्या मोडक्या मराठीत आपल्या गावाच्या गोष्टी सांगत बसायची. डोंगरावर रोक्कालुचे नावाचं दगडी गाव. रस्ते नाहीत, सगळ्या पायऱ्याच. आणि म्हणायची, "माझी पाच चर्चेस आहेत, कॅमिला." एक वेशीवर, गॅरेजएवढं. एक कुत्र्यावाल्या संताचं. एक मेलेल्यांचं. एक सिंहांचं. पाचव्याची पाळी यायच्या आत जीनला उलटी झाली आणि गोष्ट तिथेच राहिली.

तिसऱ्या दिवशी कॅमिलाने पोरीच्या उशाशी गुडघे टेकले आणि बोलून बसली. पोर उठू दे, देवा, मी सिस्टरच्या गावाला जाईन, पायी चढेन आणि तिच्या पाचही चर्चेसमध्ये एकेक मेणबत्ती लावीन.

पोर उठली. उठल्या उठल्या उकडलेलं अंडं मागितलं. झालं! अडकली कॅमिला.

कारण तेव्हा लोपीसांच्या घरात पासपोर्ट नावाची वस्तू कुणी पाहिलेली नव्हती. "नवस बोलायचा तर जरा परवडेल असा बोलावा," लॅन्सी तेव्हाही म्हणाला होता, "इथल्या मतमाउलीचा बोलली असतीस, बसने जाऊन आलो असतो." पुढे सिस्टर मायदेशी परत गेली. चार-पाच नाताळ कार्डं आली, मग तीही थांबली. नवस तेवढा राहिला. जीनला कांजिण्या आल्या, कॅमिलाला नवस आठवला. जीनचं बाळंतपण अडलं, नवस आठवला. दुबईचं विमान तासभर उशिरा पोचलं, तरी कॅमिला वसईत बसून म्हणायची, मी शब्द दिला आणि पाळला नाही, म्हणून हे होतंय. लोक हसायचे. तिला हसू येत नसे. देवाने लेक परत दिली आणि आपण त्याला पस्तीस वर्षं ताटकळत ठेवलं, हे तिच्या काळजाला खरंच लागून राहिलं होतं.

म्हणून या वर्षी जीनने बेत आखला. मम्मी-पप्पांना अजमानला बोलवायचं आणि इथून तिघांनी इटली. जीन जबल अलीला एका लॉजिस्टिक्स कंपनीत डॉक्युमेंटेशन बघते. जगभरचे कंटेनर कुठल्या कागदावर कुठे जातात ते तिला झोपेत विचारा. फाइल अशी केली की बघत राहावं. आणि व्हिसाच्या खिडकीवर बसलेल्या मुलीने ती फाइल दोन मिनिटं चाळून गोड आवाजात सांगितलं, "मॅडम, तुमचं ठीक आहे. पण आईवडील इथे व्हिजिट व्हिसावर आहेत ना? त्यांना इथून अर्ज करता येत नाही. त्यांनी इंडियातूनच करायला हवा होता."

सगळ्या जगाचे कागद बघणारी जीन आपल्या आईबापांचा एक कागद बघायला विसरली होती. घरी आल्यावर जीन बाथरूममध्ये जाऊन रडली, आणि कॅमिलाला रडणारी लेक ऐकू येत होती म्हणून तिला स्वतःला रडताही येईना.

त्यातून वाट काढली ती शेजारच्या झुबेदाने. झुबेदा रत्नागिरीकडची. मुलगा रिझवान आणि सून सुमैय्या यांच्याबरोबर ३०५ मध्ये राहायची. कॅमिलाशी तिची पहिल्याच आठवड्यात गट्टी जमली होती, कारण दोघींनाही इथला मासा पसंत नव्हता.

"अवो, आमची पोरं पुढच्या हप्त्यात इटलीलाच जातायत ना!" झुबेदा म्हणाली. "त्यांचा व्हिसा झालाय. तुमच्या गावाला एक दिवस वाट वाकडी करतील. मेणबत्ती काय, आमची सुमैय्या लावील. तुमच्या देवाला चालंल ना?"

"माझ्या देवाला चालेल. तुमच्या?"

"माझा बी समजूतदार हाय."

कॅमिलाने तरी खात्री करून घ्यायला चर्चच्या फादरांना फोन लावला. फादर हसले. "बाई, मनापासून केलेली प्रार्थना पोचते. देव कुणाचा व्हिसा बघत नाही." पण फादर तरुण होते, बत्तीस वर्षांचे, त्यांना गुडघे म्हणजे काय ते अजून कळलेलं नव्हतं. कॅमिलाचं समाधान झालं नाही. हात सुमैय्याचा चालेल, प्रार्थना मी फोनवरून करीन; पण चढ कुणाचा? पायी चढेन असं मी बोलले होते. दुसऱ्याच्या पायांनी चढलेला नवस कसला?

रात्रभर विचार करून तिने सकाळी चहाबरोबर निकाल दिला. रिझवान तिथे एक पायरी चढला की मी इथे एक चढणार. तो थांबला की मी थांबणार. उतरायचं बोलले नव्हते, तेव्हा खाली येताना लिफ्ट.

"व्हॉट?" नऊ वर्षांची नात जेनेल आनंदाने किंचाळली. "ग्रँडमा, दॅट इज सो कूल! मी काउंट करणार!"

आणि म्हणून शनिवार, म्हणून हे बूट.

इथे नेहमीच्या अ‍ॅपवर व्हिडिओ कॉल लागत नाही, तेव्हा जीनने सरळ ऑफिसच्या मीटिंगची लिंक काढली होती. सवयीने विषयही लिहिला होता: 'नवस – फायनल क्लोजर'. वेळ एक तास. बाराच्या ठोक्याला फोनवर रिझवानचा घामेजलेला चेहरा आला आणि मागे सुमैय्या, गुलाबी हिजाबवर गॉगल चढवून.

"सलाम आंटी! गुड न्यूज, गाव सापडलं. बॅड न्यूज, पायऱ्याच पायऱ्या. आणि दीड वाजता, म्हणजे तुमच्या दीडला, परतीची बस आहे. ती चुकली तर डायरेक्ट संध्याकाळी."

"मग बोलत काय बसलास? यल्ला!" कॅमिला म्हणाली. तीन आठवड्यांत तिला तेवढं अरबी आलं होतं.

पहिलं चर्च वेशीच्या कमानीला चिकटूनच होतं, त्यामुळे चढ शून्य. खरंच गॅरेजएवढं. आत एकच खिडकी, आणि भिंतीवर बाळ येशूला घेतलेली मरियामाता. ओलीने तिचा झगा पार खाऊन टाकला होता. डोळे मात्र जसेच्या तसे.

"बाराशे सत्तर सालचं आहे, आंटी," रिझवानने पाटीवर फोन धरून भाषांतर वाचलं. "साडेसातशे वर्षं!"

"आपल्या किल्ल्याहून जुनं," लॅन्सी खुर्चीतून उठला. तिथवर त्याने हे सगळं बायकी खूळ म्हणून घेतलं होतं.

"मेणबत्ती एक युरो," सुमैय्या म्हणाली. "चार दिरहम. म्हणजे शंभर रुपये."

"एकीला? शंभरात आमच्याकडे—"

"अहो, गप्प बसा. चर्चमध्ये आहोत आपण."

लॅन्सी खरोखरच गप्प बसला. सुमैय्याने मेणबत्ती लावली. कॅमिलाने लिफ्टच्या दारासमोर डोळे मिटून प्रार्थना केली. शेजारून पाण्याच्या बाटल्यांची ट्रॉली घेऊन चाललेला माणूस थांबला, त्याने टोपी काढली आणि 'आमेन' झाल्यावर पुढे गेला.

मग चढ सुरू झाला. फोन जीनच्या हातात, पुढे जेनेल मोठ्याने आकडे मोजत, मधे कठडा धरून कॅमिला, आणि मागे लॅन्सी, बायको पडलीच तर झेलायला. त्याचं वजन साठ किलो आणि तिचं ऐंशी, तेव्हा झेलण्यातून काय निघालं असतं ते देवच जाणे. जिन्यात एसी नव्हता. ऑक्टोबर असला तरी हवा कोंदलेली होती. तिथे रिझवान धापा टाकत होता, इथे कॅमिला. दोघांचे श्वास एकाच फोनमध्ये मिसळत होते.

"फिफ्टी थ्री, फिफ्टी फोर! स्टॉप!"

दुसरं चर्च आलं ते नेमकं तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे त्यांच्याच घराच्या दारासमोर. संत रॉकचं चर्च. लाकडी पुतळा, एक हात काठीवर, दुसऱ्या हाताने झगा वर करून मांडीवरची जखम दाखवणारा, आणि पायाशी तोंडात पाव धरलेला कुत्रा.

"प्लेगची साथ आली तेव्हा हा आजाऱ्यांची सेवा करायचा," कॅमिलाने फोनला सांगितलं. "मग स्वतःच आजारी पडला तर गावाने हाकलला. जंगलात पडून होता. हा कुत्रा रोज पाव आणून द्यायचा. सिस्टर म्हणायची, संत कोण ते विचारशील तर मी कुत्र्याकडे बोट दाखवीन."

"ग्रँडमा, कॅन वी गेट अ डॉग?"

"तुझ्या आईला विचार."

"नो," जीन म्हणाली. दुसरी मेणबत्ती लागली. लॅन्सीने हळूच सुचवलं की दार समोरच आहे, आत जाऊन घोटभर चहा घेतला तर देव रागावणार नाही. कॅमिलाने त्याच्याकडे असं बघितलं की तो कठडा पुसायला लागला.

तिसरं चर्च एकशे सव्विसाव्या पायरीवर, म्हणजे सातव्या मजल्यावर. तिथवर पोचताना कॅमिलाचा जीव मेटाकुटीला आला होता. उजवा गुडघा तर सरळ बोलायलाच लागला होता. पण सातव्यावर झुबेदा स्टूल, आल्याच्या चहाचा थर्मास आणि ओला टॉवेल घेऊन हजर होती. तिच्याबरोबर आणखी दोन बायका, जिन्यात काय चाललंय ते बघायला आलेल्या. एक इजिप्तची होती. तिला सगळं हिंदीत समजावून झाल्यावर तिने कॅमिलाच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "ब्रावो, मामा!" तिच्याकडे मामा म्हणजे आई.

फोनमध्ये सुमैय्या जरा दबकून उभी होती. "आंटी, इथे भिंतीवर सगळे सांगाडे काढलेत. नाचतायत."

"भिऊ नकोस. हे मेलेल्यांचं चर्च. ज्याला कुणी नसेल, वाटेवर मेलेला असेल, त्याला इथली माणसं खांद्यावरून आणायची आणि नीट पुरायची. फुकट. तोंडावर बुरखा घेऊन, म्हणजे कुणी केलं ते कळू नये. सिस्टरचे वडील त्यांच्यात होते."

"सुभानल्ला," झुबेदा हळू आवाजात म्हणाली. "आमच्यात पण असंच, परक्या मैताला खांदा दिला तर मोठं पुण्य." तिथे सुमैय्याची भीती गेली. तिने मेणबत्ती लावली आणि आपल्या मनाने दुसरीही लावली. "ही ज्यांना कुणी नव्हतं त्यांची," ती म्हणाली. कॅमिलाला त्या पोरीचा पापा घ्यावासा वाटला.

चौथं चर्च टेकडीच्या माथ्यावर. दारात दोन दगडी सिंह, लोकांनी हात लावून लावून त्यांची तोंडं गुळगुळीत झालेली. दाराशी किल्ल्यांचा जुडगा घेतलेला एक म्हातारा उभा होता आणि उघड्या खांद्यांच्या दोन पर्यटक बायकांना तो हात हलवून परत पाठवत होता. सुमैय्याचा झाकलेला माथा बघितला तसा तो बाजूला झाला आणि दरबारात राणी यावी तसा झुकून तिला आत घेऊन गेला.

"बघा," झुबेदा म्हणाली. ती आता स्टूल घेऊन सगळ्यांबरोबर चढत होती. "माझी सून. दारातच मान मिळाला."

आत जाडजूड खांब, वरून एकच उन्हाची तिरीप. आठशे-नऊशे वर्षांची थंडी त्या फोनमधूनही जाणवावी, असं ते चर्च होतं. चौथी मेणबत्ती लागली. इथे जेनेलचा आकडा होता एकशे अठ्ठ्याहत्तर, म्हणजे दहावा मजला यायला दोन पायऱ्या कमी. कॅमिला त्या दोन पायऱ्या काही चढेना. रिझवान चढला तरच मी, हा नियम तिचाच.

"आता पाचवं," ती म्हणाली. "चल बाबा, किती राहिलं?"

रिझवानने फोन तोंडासमोर धरला. तो कानकोंडा झाला होता. "आंटी, पाचवं नाहीये."

"नाही म्हणजे? बंद आहे?"

"नाहीच आहे. वेशीवरच्या नकाशात चार आहेत. मला वाटलं, पाटीवर राहून गेलं असेल, म्हणून चढायच्या आधीच खाली कॉफीच्या दुकानात विचारलं. त्याने चार बोटं दाखवली. इथे या चर्चच्या वर काही नाही. एक मोबाइल टॉवर आहे फक्त."

कॅमिलाने जीनच्या हातातला फोन स्वतःकडे वळवला.

"पाडलं असेल. भूकंपात पडलं असेल. विचार ना."

"तेही विचारलं, आंटी. ते म्हणतात, कायम चारच होती."

कॅमिला मटकन तिथेच पायरीवर बसली. गुडघ्यांमुळे नव्हे. पस्तीस वर्षं ज्याच्या ओझ्याखाली ती वावरली, ते चर्च जगात नव्हतंच. मग हा नवस फिटायचा कसा? चार चर्चेस आज झाली ती झाली, पण शब्द पाचाचा होता. म्हणजे आता मरेपर्यंत हा शब्द असाच लोंबकळत राहणार, आणि जीनला साधं पडसं झालं तरी आपल्याला आधी हाच नवस आठवणार. तिला आतून रडू फुटलं. रेशमी साडीच्या पदराने तिने तोंड दाबलं.

"अगो, असं करू," लॅन्सी शेजारी बसला. "त्या सुमैय्याला सांग, इथेच दोन लाव. पाच झाल्या."

"देवाला फसवू?"

"मेबी सिस्टर वॉज बॅड ॲट मॅथ्स," जेनेल म्हणाली. जीनने तिला डोळ्यांनी दटावलं. पण जीनचाही चेहरा उतरला होता. व्हिसाची चूक तिची, आणि आता हे.

"सिस्टर इंजेक्शनचे थेंब मोजायची," कॅमिला म्हणाली. "तिचं मोजणं चुकणार नाही. रिझवान, तो किल्ल्यांवाला म्हातारा आहे ना? नकाशा नको विचारूस त्याला. नाव सांग. सिस्टर ओर्सोला, इंडिया, एवढंच सांग."

"आंटी, बसला वीस मिनिटं—"

"बाबा, एवढं कर."

फोन हलला. खांब, छत, रिझवानचा कान असं काय काय दिसत गेलं. मग म्हाताऱ्याचा चेहरा आला. रिझवानने नाव घेतलं. म्हाताऱ्याने ते पुन्हा म्हणून बघितलं, आणि त्याच्या तोंडावर असा प्रकाश पडला की जिन्यातल्या सगळ्यांना दिसला. "ओर्सोलीना!" तो ओरडला. त्याने रिझवानचा दंड धरला आणि जवळजवळ फरफटतच त्याला वेदीच्या बाजूच्या कोनाड्यात नेलं.

कोनाड्यात भिंतीवर एक फोटो होता, लाकडी चौकटीत, रंग उडालेला. सुमैय्याने फोन जवळ नेला. पांढरंशुभ्र चर्च, बाजूला माड, वरून खालपर्यंत कागदी पताका, डाव्या हाताला विहीर, आणि विहिरीपाशी जरासा कललेला दगडी क्रूस.

"अगो बाय," कॅमिला म्हणाली. ती उभी राहिली ते गुडघे आहेत हे विसरून. "अहो, बघा तरी! हे आपलं! आपलं चर्च आहे हे!"

लॅन्सीने चष्मा पुसला, पुन्हा लावला. "आपलंच. सणाच्या दिवशीचा फोटो आहे. ती विहीर बघ."

म्हातारा बोलत सुटला होता. एकेक बोट मोडत त्याने चार नावं घेतली, मग अंगठा उभा केला आणि तो सरळ फोटोवर टेकवला. रिझवानने भाषांतराचा फोन त्याच्यापुढे धरला आणि जे उमटलं ते थांबत थांबत वाचलं. "ओर्सोलीना परत आल्यावर हा फोटो घेऊन आली... तिने इथे लावला. ती म्हणायची, माझी पाच चर्चेस आहेत. चार तुम्हाला पायी जाता येतील... पाचव्यासाठी समुद्र ओलांडावा लागेल. आम्ही तिला हसायचो. ती रागवायची. अकरा वर्षांपूर्वी ती वारली. शेवटपर्यंत पाचच म्हणत होती."

कॅमिला आता उघड रडत होती, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. खाटेशेजारी बसून सिस्टर ज्या पाचव्या चर्चबद्दल सांगणार होती ते दवाखान्याच्या खिडकीतून दिसत होतं. आणि आपण ते डोंगरावर शोधत होतो! झुबेदाने ओला टॉवेल पुढे केला, मग स्वतःचेही डोळे त्यालाच पुसले.

"आंटी," सुमैय्या फोनमधून म्हणाली, "या फोटोखाली मेणबत्तीची जागा आहे. लावू का एक?"

"लाव, माझ्या बाय. ती सिस्टरची. नवसाची नव्हे हां."

"का नव्हे?" लॅन्सी म्हणाला. "आणि नवस तर केव्हाच फिटला की! पाचवं चर्च ते आपलं. तिथे तू दर रविवारी मेणबत्ती लावतेस. पस्तीस वर्षं! देवालाच तुझं काहीतरी परत करावं लागेल."

कॅमिलाने नाक पुसलं. "दर रविवारी लावते ती काहीतरी मागायला. जीनला नोकरी दे, जीनचं बाळंतपण सुखरूप कर, तुमची साखर उतरव. पस्तीस वर्षांत नुसते आभार मानायला मी तिथे एकही लावली नाही. नवसाची लावायचीच आहे. घरी गेले की लावीन." तिने पदर खांद्यावर सारखा केला. "फक्त ज्या पोरीसाठी बोलले ती शेजारी उभी असती तर बरं झालं असतं. पण तिला सुट्टी नाही."

ते ती टोमणा म्हणून बोलली नव्हती. तीन वर्षं झाली होती जीनला वसईला येऊन. दर वेळी काहीतरी निघायचं, ऑडिट, जेनेलची शाळा, नवऱ्याची म्हणजे शेल्डनची ड्युटी, आणि दर वेळी जीन फोनवर म्हणायची, पुढच्या सुट्टीत, मम्मी, इन्शाल्ला.

जीनने फोन झुबेदाच्या हातात दिला आणि स्वतःचा ऑफिसचा फोन बाहेर काढला. पायरीवर, आईच्या बाजूला बसली. बराच वेळ अंगठे चालवत राहिली. तोवर रिझवान आणि सुमैय्याने म्हाताऱ्याचा निरोप घेतला आणि बससाठी पायऱ्या उतरत पळाले.

"नाताळाला," शेवटी जीन म्हणाली. "शेल्डन, जेनेल आणि मी. दहा दिवस."

"इन्शाल्ला म्हण."

"नाही म्हणत. तिकिटं काढली." तिने स्क्रीन आईपुढे धरली. मग फोन मांडीवर ठेवून आईच्या खांद्याला डोकं टेकलं. असं तिने कॉलेजात गेल्यापासून केलं नव्हतं. "मम्मी, मला त्या तापातलं काहीच आठवत नाही गं. कधीच आठवलं नाही. तू एवढी वर्षं हे घेऊन फिरतेस आणि मला नुसती एक गोष्ट वाटायची."

कॅमिलाने तिच्या केसांवरून हात फिरवला.

"तुला कशाला आठवायला हवं?" ती म्हणाली. "तू बरी झालीस ना."